बाबांच्या पहिल्या रविवारच्या चुका

आंग मो किओ
३ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

१. जानेवारीत तू बुकित बातोकला तुमच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी जपानी चिन्हकोड्यांचा रविवारचा क्लास सुरू केलास. सुटे तुकडे जोडून पूर्ण चिन्ह लिहायचं. त्याने स्मरणशक्ती सुधारते, असं तू सांगतोस.
२. पहिल्या रविवारी बाबांची वीसपैकी पाच कोडी बरोबर आली. आठव्या रविवारी अठरा.
३. दोन्ही दिवसांचे व्हिडिओ तू मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलेस. खाली लिहिलंस : वय चौऱ्याहत्तर, जपानीचा गंधही नव्हता.
४. बाबांनी पुण्यात एकतीस वर्षं जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे अनुवाद केले. ते देश सोडून इथे परदेशात तुझ्याकडे येऊन दोनच वर्षं झाली, म्हणून हे इथे कुणाला माहीत नाही.
५. व्हिडिओ पाहून ग्रुपमधल्या नीलिमाकाकूंनी निशिकांतकाकांची नोव्हेनाच्या मेमरी क्लिनिकमधली १४ मार्चची तारीख सोडायचं ठरवलं आहे. काकांना गेल्या महिन्यात स्वतःच्या ब्लॉकचा नंबर आठवला नाही. काकू म्हणतात, पद्माकररावांना गुण आला, तसा ह्यांनाही येईल.

महत्त्वाचं ते फोनवर नाही, कागदावर, हा आपल्या घरचा नियम, म्हणून हे पत्र. पहिला व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. उत्तरं चुकीची आहेत, पण चिन्हाची प्रत्येक रेघ त्या लिपीत ठरलेल्या क्रमानेच काढलेली आहे. नवशिक्याची चूक रेघांपासून सुरू होते. हा माणूस उत्तर चुकवतो आणि अक्षर घोटून काढतो. म्हणजे त्यांना चुकायला कुणीतरी सांगितलं. ते तू सांगितलंस. आपल्या वडिलांना असं कॅमेऱ्यापुढे बसवलंस, याची मला किळस आली.

काकूंना खरं काय ते तू सांग. वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नाही.

क्षिप्रा


बुकित बातोक
५ मार्च

चि. क्षिप्रास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी वाटलं, तू कामावर तपासतेस तसल्या फेल झालेल्या सर्किट बोर्डाचा रिपोर्ट चुकून माझ्या पत्त्यावर आला. आर्याने पाकीट पाहून विचारलं, आत्या आता बिल पाठवते का. मी म्हटलं, बिलच आहे. त्यावर इथल्या पोरांच्या ढंगात तिचं म्हणणं, आत्या फिअर्स आहे, लाह.

कोडी सोडवून कुणाचं वाईट झालेलं मला माहीत नाही. चौदा म्हातारी माणसं आठवड्यातून एकदा लिफ्टने खाली येतात, बोलतात, हसतात. त्यात पाप काय? डॉक्टरकडे जाऊ नका, असं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

गंधही नव्हता, हे वाक्य माझं. ते चुकलं, मान्य. पण चुका माझ्या नाहीत. मी बाबांना काहीही करायला सांगितलं नव्हतं. विश्वास नसेल तर त्यांना विचार. तुझं पत्र मी त्यांच्या हातात दिलं आहे.

अनुया तुझ्यासाठी मेतकूट काढून ठेवते आहे. येऊन घेऊन जा, आणि येताना थोडं हसू घेऊन ये. माया कायम आहे, तू कितीही बडबडलीस तरी.

रुचिर


बुकित बातोक
६ मार्च

चि. क्षिप्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रुचिरला दोष देऊ नकोस. पहिल्या रविवारी मी वीसच्या वीस कोडी चार मिनिटांत सोडवली. मान वर केली, तर बाकीच्यांनी पेन्सिली खाली ठेवलेल्या. शेजारचे गृहस्थ म्हणाले, हे आपल्या आवाक्यातलं नाही. रुचिरचा चेहरा उतरला. मी तो कागद घडी करून खिशात घातला, दुसरा मागून घेतला आणि पाच बरोबर, पंधरा चूक, असा भरला. पुढच्या रविवारी सात. मग दर वेळी एकदोन वाढवत गेलो. रेघांकडे माझं लक्ष गेलं नाही. हाताला दुसरा क्रम येतच नाही.

अठरा झाली, तेव्हा सगळे उभे राहिले. टाळ्या वाजल्या. एकतीस वर्षांत एकाही पुस्तिकेवर माझं नाव छापलं गेलं नव्हतं. मला बरं वाटलं.

तुझ्यापासून लपवत नाही. मागच्या आठवड्यात नीलिमावहिनींचा फोन आला होता. खरंच फरक पडला का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. आता उलटं सांगितलं तर रुचिरला या लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. महिनाअखेर मी गुडघ्याचं निमित्त करून क्लास बंद करतो. विषय तिथे मिटव.

जेवण वेळेवर घेत जा. तुझी खुशाली कळवत राहा, एवढीच मागणी.

बाबा


आंग मो किओ
८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी हात धुतले. का, ते मला सांगता येत नाही.

दादाने तुम्हाला चुकायला सांगितलं, हे मी चुकीचं लिहिलं. तसं त्याला आज स्वतंत्र कळवलं आहे. बाकीचे शब्द मागे घेत नाही. तुम्ही दोघं ते वाटून घ्या.

टाळ्यांचं मी समजू शकते. उत्तरं चुकवली, तेही कदाचित. पण काकूंनी तुम्हाला सरळ विचारलं. त्यांच्या जवळ बसलेल्या माणसाला स्वतःच्या ब्लॉकचा नंबर आठवत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही हो म्हणालात. ते वाक्य मी पुन्हा वाचू शकलेले नाही. पुस्तिकेत एक आकडा चुकला तर यंत्रावरच्या माणसाचा हात जातो, म्हणून तुम्ही प्रत्येक पान तीनदा तपासायचात. मला तपासणं शिकवलं तेही तुम्हीच.

काल मी काकूंकडे चहाला जाऊन आले. काकांनी मला दोनदा विचारलं, तू कुणाची. क्लिनिकची तारीख अजून त्यांच्याच नावावर आहे. गुरुवारी सकाळी काकू फोन करून ती सोडणार आहेत. मी त्यांना काही बोलले नाही. ते तुमच्या तोंडून यायला हवं, कारण हो तुम्ही म्हणालात.

तुम्ही नाही सांगितलंत तर बुधवारी रात्री मी तुमचं पत्र घेऊन त्यांच्याकडे जाईन आणि ते वाचून दाखवेन. मला ते करायचं नाही.

काकूंना सांगितलंत की नाही, एवढंच बुधवार, १२ मार्चला संध्याकाळी सहापर्यंत कळवा. या वेळी फोन चालेल.

क्षिप्रा