पट्टा माणसाला नसतो

३ तारीख, सोमवार
आजपासून गाडीत पट्टा सक्तीचा. न लावल्यास दंड. चहा पिता पिता निश्चय केला: लावणार नाही. गाडी माझी, छाती माझी, काचेवर आपटलं तर डोकंही माझंच. सरकारचं काय जातं? उद्या म्हणतील, घास नीट चावून खा. पट्टा कुत्र्याला लावतात, माणसाला नाही, असं घरात सगळ्यांना ठणकावून सांगितलं. ही म्हणाली, मग निदान भुंकणं तरी बंद करा. बायकोला तत्त्वाचं काही पडलेलं नसतं.

नातीला शाळेत सोडून दुकान उघडलं. तिला मी बाईसाहेब म्हणतो. वय पाच, हुकूम पन्नाशीचे. टेलरच्या दिवसात कटकट नसलेलं हे एकच काम.

४ तारीख
पट्टा न लावल्यास गाडी टिंग टिंग करते. गाडीलाही फितवलंय. उपाय काढला: पट्टा पाठीमागून नेऊन खटक्यात अडकवला आणि त्यावरच रेलून बसलो. गाडी गप्प. कंबर ठणकते आहे, पण स्वतंत्र आहे.

५ तारीख, सकाळी
बाईसाहेबांनी मागच्या सीटवर पट्टा लावायला साफ नकार दिला. मी काय कुत्रा आहे का, असं विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघितलं.

संध्याकाळी
सूनबाई शांतपणे म्हणाली, बाबा, तुमचं डोकं तुमचं, पण तिचं डोकं माझं आहे. तुम्ही पट्टा लावेपर्यंत ती स्कूल व्हॅनने जाईल. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं. मी एवढंच म्हणालो, तत्त्व म्हणजे तत्त्व. फार बाणेदार वाटलं. जेवण गेलं नाही.

६ तारीख
व्हॅन आली, बाईसाहेब गेल्या. मला काहीही वाटलं नाही. फाटकापाशी उभा होतो ते हवा खायला. दुकानाला शाळेवरून गेलो. लांब पडतं, पण रस्ता मोकळा असतो. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

दुपारी
युक्ती! पिशव्यांना लावतो ती काळी नायलॉनची पट्टी पांढऱ्या शर्टावर तिरकी शिवून टाकायची. शर्टही झाला, पट्टाही झाला. सरकारकडे कायदा असेल, माझ्याकडे शिलाई मशीन आहे.

७ तारीख
तो शर्ट घालून गाडीत बसलो. सूनबाईने गॅलरीतून निरखून पाहिलं, चक्क हसली आणि बाईसाहेबांना खाली पाठवलं. चौकातला पोलीसही काही बोलला नाही. तत्त्वाचा विजय! असे आणखी शर्ट शिवायचे. मागणी वाढली तर दुकानाचं नाव बदलायचं. सूनबाईचं हसणं मात्र दिवसभर आठवत राहिलं. का, ते कळत नाही.

१० तारीख, सोमवार
पोलिसाने गाडी अडवली. म्हणाला, काका, सगळ्यांचा पट्टा एका खांद्यावर, तुमचाच दुसऱ्या खांद्यावर कसा? चूक तिथल्या तिथे कळली. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याचा उजवा तो आपला डावा. आयुष्यभराची सवय. आरशातल्या मलाही गिऱ्हाईक समजून खडूची रेघ मारली होती.

खाली उतरा म्हणाला. मी उतरलो. पट्टाही उतरला.

पोलीस इतका हसला की बॉनेटला धरून उभा राहिला. मग जोडीदाराला बोलावलं, मला गोल फिरवून दाखवलं आणि दंड केला. बाईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी आल्यावर सगळ्यांना करून दाखवलं. ही हसून हसून खालीच बसली. सूनबाई हसली नाही. म्हणाली, बाबा, मी तुमच्यावर विश्वास ठेवून तिला पाठवलं होतं. एवढं बोलून तिने माझ्या हातातलं दप्तर घेतलं.

मला वाईट वाटलं. फार वाटलं. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

११ तारीख
दुकान उशिरा उघडलं. आधी दारासमोर गाडी उभी ठेवून, पट्टा लावून बसून पाहिलं. कोणीही सक्ती केली नव्हती, याची नोंद असावी. श्वास घेता येतो. पोट आवळतं, पण पोटाचा प्रश्न पट्ट्याच्या आधीपासूनचा आहे. स्वतंत्र माणूस स्वखुशीने पट्टा लावू शकतो, आणि तेसुद्धा स्वातंत्र्यच! हे आजवर कोणाला कसं सुचलं नाही? सूनबाईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे बाबा, उद्यापासून तुम्हीच न्या. तिला चहा करून दिला. साखर विसरलो, तिने तसाच प्यायला.

१२ तारीख
पहाटे उठून गाडी धुतली. पट्टा लावला, बरोबर खांद्यावरून. हॉर्न वाजवला. बाईसाहेब आल्या, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, खिडकीतून पट्टा ओढून बघितला, शाबास म्हणाल्या आणि व्हॅनकडे पळाल्या. सूनबाईने हाका मारल्या, मीही मारल्या. व्हॅनमध्ये जास्त मजा येते म्हणे. मैत्रिणी असतात, गाणी असतात आणि व्हॅनवाले काका तत्त्वांबद्दल बोलत नाहीत.

कशाने जायचं हे ज्याचं त्याचं स्वातंत्र्य. मला काहीही वाटलं नाही.

बाटली माझ्याकडेच राहिली, म्हणून शाळेकडे निघालो. मागच्या सीटवर ती दर ब्रेकला गडगडत होती. शेवटी गाडी कडेला घेतली आणि तिला पट्टा लावला.