लोकांना उठवण्याचा पदव्युत्तर अभ्यास

माझ्या एकुलत्या एका, आणि म्हणून आपोआपच सर्वांत लाडक्या दादाला, दुरूनच पण पुरेसं वाकून नमस्कार. (वाकताना कंबर कुरकुरली, तेव्हा नमस्कार खरा आहे असं धर.) तुझा गुडघा जिना चढू देतो का? वहिनी कशा आहेत? शेजाऱ्यांनी ड्रिल मशीन विकलं की अजून भिंतच शोधताहेत? इकडे सगळं ठीक. सगळं म्हणजे मी. मागे तू फोनवर विचारलंस, की टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सुटल्यावर या वयात उद्योजकतेत एम.ए. करून तू नक्की काय उघडणार आहेस, दुकान की डोळे? तेव्हा मी लाइन खराब आहे असं सांगून फोन ठेवला. लाइन उत्तम होती, उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणून सविस्तर लिहिते. चष्मा लाव आणि बस.

आधी आमच्या वर्गाबद्दल. दादा, मी रोज थक्क होते. इथे बाकं नाहीत, चाकांच्या खुर्च्या आहेत. पहिल्या दिवशी मी बसले ती थेट मागच्या भिंतीपर्यंत गेले, आणि आमच्या बाई (वयाने माझ्या सुनेएवढ्या, बुद्धीने आपल्या अख्ख्या खानदानाला पुरून उरतील अशा) म्हणाल्या, "छान, तुम्ही जोखीम घेता." मला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. पुढे त्यांनी सांगितलं की धंदा भांडवलातून किंवा कल्पनेतून सुरू होतो हा गैरसमज आहे. तो तीन प्रश्नांतून सुरू होतो: मी कोण, मला काय येतं, आणि मी कुणाला ओळखते. मला इतकी वर्षं वाटत होतं की हे प्रश्न फक्त स्थळ बघायला आलेले लोक विचारतात! नंतर म्हणाल्या, ग्राहकाला कुठे दुखतं ते शोधा. मी हात वर करून दोन्ही टाचा म्हणाले. पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर "टाचा" असं लिहिलं, त्यातून बाण काढला आणि त्या बाणाच्या टोकाशी चपला, दवाखाना, उभ्याने करायची कामं, असं काय काय उगवत गेलं. तास संपला तेव्हा माझ्या टाचांमधून एक संपूर्ण बाजारपेठ निघाली होती. मी घरी येऊन टाचांकडे बराच वेळ आदराने बघत बसले.

तर, दुसऱ्या सत्रात प्रात्यक्षिक. खराखुरा धंदा काढायचा. अट एकच, पण ती वाचून वर्गातल्या दोघांनी विषय बदलला. अट अशी की ग्राहक अनोळखी हवा, आणि तो आपण न बोलावता दुसऱ्यांदा यायला हवा. नाहीतर प्रात्यक्षिकात नापास, म्हणजे पदवी नाही. "पहिल्यांदा माणूस भिडेखातरसुद्धा येतो," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा येतो तो खरा." माझ्या जोडीला जो मुलगा आला त्याला मी स्लाइडवाला म्हणते, कारण तो स्लाइड दाखवल्याशिवाय "पाणी द्या"सुद्धा म्हणत नाही. (गुणी आहे. फक्त त्याच्याशी भिंतीकडे बघत बोलावं लागतं.) त्याच्या हाताशी काय काय होतं! संगणक, ॲप, कारखानदार आत्या. माझ्या हाताशी होता आवाज, आणि पहाटपाळीमुळे हाडात मुरलेली लवकर उठायची खोड. मी शरमेने सांगितलं. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "काकू, घड्याळाचा गजर हाताने बंद करता येतो. तुम्हाला कोण बंद करणार?"

अशी आमची "उठवणी सेवा" निघाली. माणसाने माणसाला फोन करून उठवायचं. मी नुसतं "उठा" म्हणत नाही. पाय जमिनीला टेकले का विचारते, टेकले म्हणाले तर फरशी कुठल्या रंगाची ते विचारते. पांघरुणातून खोटं बोलणारा इथे हमखास सापडतो. सुरुवातीला एक विद्यार्थी मिळाला. त्याला आईसारखं ओरडून उठवायला हवं होतं. आता माझ्या फोनमध्ये सगळी माणसं हुद्द्याने आहेत, आणि "विद्यार्थी"च्या लगेच खाली येतात "विभागप्रमुख". पुढचं तू ओळखलंस. मी डोळ्यांवरची झोप सावरत ओरडले, "ऊठ मेल्या! लोकांची पोरं कुठल्या कुठे पोचली, आणि तू अजून लोळतोयस?" पलीकडून अत्यंत नम्र आवाज आला, "उठलो." मी फरशीचा रंग विचारला. "राखाडी," आवाज म्हणाला, आणि त्या एका शब्दावर मला गेल्या सत्रातली त्यांची सगळी व्याख्यानं आठवली. त्या दिवशी मी वर्गात खांबामागे बसले. सर तासाला आले ते टवटवीत, दाढी केलेले. तास संपल्यावर खांबाला वळसा घालून माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "उद्या जरा कमी ओरडा. पण करा." मला वाटलं जिंकलो! बाईंनी दोन्ही ग्राहक बाद केले. विद्यार्थी स्लाइडवाल्याचा मित्र निघाला, आणि सर तर सरच.

राहिला एकच अनोळखी माणूस: आमच्या रस्त्यावरून जाणाऱ्या पहिल्या बसचा चालक. डेपोच्या कँटीनमध्ये चिकटवलेला कागद वाचून त्याने स्वतः फोन केला होता. बायको माहेरी, गजर ऐकू येत नाही, आठवडाभर उठवा म्हणाला. आठवडा नीट चालला. (त्याची फरशी लाल आहे.) पण शेवटच्या दिवशी त्याने फोन उचललाच नाही. मी पुन्हा केला. पुन्हा केला. नुसती घंटी! दादा, मला पदवीची भीती वाटायला हवी होती, पण मला बसची वाटली. गाऊनवर शाल गुंडाळली आणि कोपऱ्यावरच्या थांब्यावर गेले. तिथे कोण कोण उभं होतं ते मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. उभ्याउभ्याच डब्यातलं काहीतरी खाऊन घेणारी एक नर्स. फुलांचा भारा मांडीशी धरून उकिडवा बसलेला फुलवाला. ओठांतल्या ओठांत उत्तरं घोकणारी, परीक्षेला निघालेली एक मुलगी. सगळे वळणाकडे बघत होते, आणि त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की त्यांची अख्खी सकाळ माझ्या एका न उचललेल्या फोनला टांगलेली आहे.

बस आली. वळणावर आधी दिवे दिसले आणि मग ती आली, अगदी वेळेवर, एखादी मोठी, शहाणी म्हैस यावी तशी. मी सगळ्यांच्या पुढे घुसून वर चढले आणि चालकाला म्हणाले, "फोन का नाही उचललात?" तो बघतच राहिला. मग त्याला आवाज ओळखीचा वाटला. "अरे! फरशीवाल्या बाई!" तो म्हणाला. "अंघोळीला गेलो होतो हो. तुमचा फोन यायचाय म्हणून आज आधीच जाग आली." माझा चेहरा पडला. रोगी बरा झाला, म्हणजे दवाखाना बंद. आपणहून काही मागायचं नाही ही अट, म्हणून मी उतरायला वळले. गिअर टाकता टाकता तोच म्हणाला, "पुढचा आठवडाही धरा. सवय झालीय. आणि आमच्यातला अजून एकजण आहे, त्याला मात्र दोनदा करावा लागेल."

मागून नर्स ओरडली, "ओ बाई, बसा तरी नाहीतर उतरा तरी! आमची ड्यूटी आहे." मी शेवटच्या थांब्याचं तिकीट काढलं आणि खिडकीशी बसले. नर्स उतरली आणि दवाखान्याच्या दारातून दुसरी, दमलेली नर्स बाहेर पडली, जणू हिचीच वाट बघत होती. फुलवाला उतरला तिथे बंद दुकानापुढे दोन माणसं त्याच्यासाठी थांबलेली. मुलगी उतरताना पायरीलाच नमस्कार करून गेली. मी एका माणसाला जागं करत होते, दादा, आणि त्याच्यामागे हे एवढं सगळं हलत होतं. हे पुस्तकात आहे, त्याला नावही आहे, परीक्षेत मी ते बरोबर लिहिलंही होतं. पण खिडकीतून दिसलं तेव्हा मला रडूच आलं. कंडक्टरने विचारलं, काकू, थांबा चुकला का? मी म्हटलं, नाही रे बाबा, सापडला.

बाईंनी नंतर एवढंच विचारलं, "दुसऱ्यांदा आला?" मी म्हटलं, आला, आणि एक घेऊन आला. त्यांनी पेन ठेवलं आणि माझा हात हातात घेतला. प्रात्यक्षिकात पास! तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मी दुकान उघडणार नाही. मी इतरांचे डोळे उघडते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक.

तुझी,
धाकटी

ता. क. अहवालात "असमाधानी ग्राहक" हे प्रकरण सक्तीचं आहे आणि आमचे सगळे ग्राहक खूश आहेत. स्लाइडवाला रडकुंडीला आलाय. म्हणून सोमवारपासून तुला पहाटे फोन येईल. ओळख दाखवायची नाही. आपली आडनावं वेगळी आहेत, कुणाला कळणार नाही. तुला वेगळं काही करायचं नाही, नेहमीसारखा वाग. ज्याने नवा पंखा "वारा एकसुरी आहे" म्हणून परत केला, त्याला मी काय शिकवणार? खरं तर हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. ता. क. यात वहिनींना ओढू नकोस. त्या कधीपासूनच आमच्या ग्राहक आहेत. तू उठायच्या तासभर आधी मी त्यांना फोन करते, आणि तेवढा वेळ त्या एकट्या, शांतपणे बसून चहा पितात. हे तुला सांगायचं नव्हतं. काही तक्रार आहे का, असं मी त्यांनाही रीतसर विचारलं होतं. म्हणाल्या, एकच आहे, तासभराने ते उठतात. पण ही तक्रार आमच्या सेवेबद्दल नसल्यामुळे बाईंनी ती अहवालात घेऊ दिली नाही.