एकतीस पिशव्यांचा डबा

प्रिय विसरभोळे,

गेल्या खेपेला तू चष्म्याचं घर, एक मोजा आणि दात घासायचा ब्रश इथे टाकून गेलीस. ते सगळं परत पाठवते आहे. दुसरा मोजा तरी जवळ आहे ना? पण याहून मोठी एक गोष्ट तू विसरली आहेस आणि ती विसरलीस हेही तुला ठाऊक नाही. त्यासाठी हे पत्र. लगेच शेवटचं पान उलटू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

पत्र तुझी आई लिहिते आहे. मी बोलते, ती लिहिते, आणि पान भरलं की मी तिच्याकडून वाचून घेते. मला अक्षर येत नसलं तरी माझं वाक्य गळलं तर कळतं. मघाशी तिने एक गाळलं, ते परत लिहायला लावलं. ते असं: तू विद्यापीठ सोडून महिनाअखेरीला घरी यायचं ठरवलं आहेस, हे मला कळलेलं आहे. आईवर चिडू नकोस, तिने तोंडातून ब्र काढला नाही. पण मंगळवारी तिने तुझी गादी उन्हात टाकली, कपाटातला एक खण मोकळा केला, आणि मी विचारलं तर म्हणते, ढेकूण झालेत. या घरात ढेकूण झाले तर आधी माझी गाठ घेतील, त्यांच्या वयाची मी एकटीच आहे. (हेही लिही म्हटलं, तर हसते आहे. हसू दे. चार दिवसांनी हसते आहे.)

तू आली होतीस तेव्हा जेवणाच्या टेबलावर भिंग मांडून बसलीस. करड्या, मोठ्या डोक्याच्या माशाच्या कानातला खडा मला दाखवलास, जसा काही मी जन्मात पाहिला नव्हता. अगं, तीस हंगाम मी शेडमध्ये मासेच कापले. पण तू सांगत होतीस ते ऐकायला बरं वाटत होतं, म्हणून भोळा चेहरा करून बसले. खडा मधोमध कापायचा, कांद्याच्या पापुद्र्याएवढी चकती काढायची, की आत झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. वर्षाला एक. समुद्राने पोटभर दिलं तर रुंद, उपासमार झाली तर केसाएवढं. हे मात्र मला नवीन होतं. इतकी वर्षं डोकी फोडली, आणि मासा आपली सगळी हकिगत कानात घेऊन बसला आहे हे कुणी सांगितलं नाही मला.

मग तू रडलीस. रडले नाही म्हणालीस, पण भिंगावरचं पाणी मीच पुसलं. तुझ्या मॅडमकडे सहा वर्षांपासूनचेच खडे आहेत, त्याआधीचे कुणी जपलेच नाहीत. जुने खडे नसतील, तर समुद्र तापल्यावर माशाची वाढ बदलली, की ती आधीपासूनच तशी होती, हे सांगायचं कशावरून? मॅडम म्हणतात, विषय बदल. तू म्हणालीस, तीन वर्षं गेली, आता जीवच राहिला नाही त्यात. मी पाठीवरून हात फिरवला, जाऊन झोप म्हटलं आणि स्वतःही जाऊन झोपले. या झोपण्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

आता तुझी विसरलेली गोष्ट. माझ्या कपाटात खालच्या फळीवर बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा आहे. तू सात वर्षांची असताना तो उघडून आतल्या चार पिशव्या जमिनीवर ओतल्यास आणि खडे खेळत बसलीस. तेव्हा मी तुला एक चापट मारली होती. जन्मातली एकच. तू दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस आणि मग चापटीबरोबर डबाही विसरलीस. मला दोन्ही आठवतात.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी आम्ही कापणाऱ्या बायका त्या करड्या माशाच्या डोक्यातले खडे घरी आणायचो. दुसऱ्या माशांचे नाहीत, त्याचेच बोटाच्या पेराएवढे मोठे असतात. पोरांना खेळायला व्हायचे. बाकीच्यांच्या पोरांनी ते हरवले. मी मात्र दर वर्षाची पिशवी शिवायची. मला साल लिहिता येत नव्हतं, पण गेलेलं वर्ष कुठेतरी ठेवावंसं वाटायचं. म्हणून पिशवीला त्या वर्षीचंच कापड. तिसरी तुझ्या बाबाच्या दुपट्याची. बारावी निळ्या पडद्याची, त्या वर्षी छप्पर उडालं आणि पडदाही फाटला. शेवटची तुझ्या झबल्याची, त्यानंतर माझ्या गुडघ्यांनी संप केला. सगळ्या पिशव्या गळाच्या दोरीत ओळीने ओवल्या आहेत, दोरीला गाठ आहे तिकडून पहिली. बाबाचं जन्मसाल तुला माहीत आहे, तिथून मागेपुढे मोज. शेवटच्या पिशवीपासून तुमच्या मॅडमच्या पहिल्या खड्यापर्यंतची वर्षं कशी भरायची ते तू बघ. सगळं मीच करू का?

तू ओतलेल्या चार पिशव्या दोरीत रिकाम्याच आहेत, त्यांचे खडे बाबाच्या जुन्या मोज्यात भरले आहेत. कुठला कुठल्या वर्षाचा ते मला सांगता येत नाही, आणि अंदाजाने सांगणार नाही. तो मोजा वेगळाच ठेव.

तू हुशार आहेस, पिशव्या एकतीस आणि हंगाम तीस कसे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. विसावी पिशवी पांढऱ्या कोऱ्या कापडाची आहे आणि पहिल्यापासूनच रिकामी आहे. तिच्यापुढे, मासे नव्हते, असं लिहू नकोस. मासे होते. मी नव्हते. तिच्या आधीची एकोणिसावी तुझ्या आजोबाच्या चौकटीच्या शर्टाची. त्यात एकाच माशाच्या दोन कानांची जोडी आहे. हंगामाच्या मध्यावर त्याने एक मोठा मासा घरी आणला, मी तो आपल्या स्वयंपाकघरात कापला. पुढच्या फेरीला तो बोटीवर गेला तो परत आला नाही. तो उरलेला हंगाम आणि पुढच्या वर्षीचा सगळा हंगाम मी खिडकीशी बसून काढला. शेवटी आमची मुकादमबाई माझी सुरी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, ही दुसऱ्या कुणाच्या हाताला बसत नाही, निदान धार तरी लावून दे. मी धार लावली आणि तिच्या मागोमाग शेडमध्ये गेले. मुकादमबाई लबाड होती. सुरीला धार होतीच.

आणि आता ते झोपणं. त्या दिवशी टेबलापाशी मला डबा लख्ख आठवला होता. पण तू म्हणालीस, खडा कापावा लागतो. माझ्या डोळ्यापुढे आजोबाची जोडी आली आणि मी गप्प बसले. तुला रडताना पाहून गप्प बसले. तीन महिने रोज डबा उघडून बंद केला. मंगळवारी तुझी गादी उन्हात दिसली तेव्हा कळलं, की माझ्या गप्प बसण्याने तुझी पिशवी रिकामी राहणार आहे. हे सांगायला पत्र लिहवून घेतलं. माझं चुकलं. डबा बाबा उद्या टपालात घालेल. सगळे खडे काप, हात आखडू नकोस. आजोबाच्या जोडीतला एक काप आणि त्या वर्षी समुद्राने माशाला पोटभर दिलं होतं का, ते मला कळव. दुसरा राहू दे.

आपल्या घरून डबा रिकामा जात नाही, तसा तुझ्याकडून रिकामा यायचा नाही. तळाशी कापूस, कापसात तो उरलेला खडा, आणि वर बिस्किटं गच्च भर. मऊ, मधे जॅम असलेली. बदामाची नकोत, चारच दात राहिले आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. आणि बिस्किटं टपालाने पाठव. स्वतः घेऊन इतक्यात यायचं नाही.

तुझीच,
आजी