माझ्या फोटोपाशी अडलेलं मशीन

अंबड, नाशिक
दि. १८ जानेवारी २०२६

भिकनराव यांस,

सहादूचा सप्रेम जयभीम. थंडी फार आहे, सिन्नरला जास्तच असेल. तुमचे गुडघे कसे आहेत? परवा फोन लावला होता. तुम्ही हॅलो म्हणालात आणि मी ठेवून दिला. म्हणून पत्र. सातवी नापास माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

तुमची आक्का बरी आहे. तिचं अंग लुळं पडून वाचा गेली त्याला तीन वर्षं झाली. आता डॉक्टर वेदिकाबाईंनी तिच्या मेंदूवर बारीक तारांची चकती बसवली आहे. ती मनात बोलू पाहते ते मशीन मोठ्याने बोलतं. ऑपरेशनआधी मी चार वेळा विचारलं, डोकं परत नीट शिवाल ना?

मशीनला शिकवायला तिला रोज फोटो दाखवायचे. भाकरी, तांब्या, पाणी सगळं बरोबर आलं. माझा फोटो लागला की मशीन गप्प. डॉक्टर दोन दिवस वायरी तपासत होत्या. मग माझ्या लक्षात आलं.

"बाई, चाळीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव घेतलं नाही. आता मशीनमधून घेईल व्हय?"

"मग हाक कशी मारतात?"

"अहो."

डॉक्टर हसत सुटल्या. त्यांनी फोटोखालचा शब्द बदलला आणि मशीन म्हणालं, "अहो." मी भर दवाखान्यात "ओ" दिली.

आता मी थर्मासमधून चहा नेतो, ती थेंबभर चाखते आणि मशीन म्हणतं, "पाणचट." ऐकून बरं वाटतं.

पण मला त्या मशीनची धास्ती होती. तुमच्या अंजलीच्या लग्नात मानाची टॉवेल-टोपी आधी दुसऱ्याला दिली म्हणून मी ताटावरून उठलो, ते सोडा. आक्का आजारी पडली तेव्हा तुम्ही दवाखान्यात धावत आलात आणि तोच राग धरून मी तुम्हाला दारातूनच परत लावलं. तिने तुमचा आवाज ऐकला होता. दाराकडेच बघत होती. बोलता येत नव्हतं, म्हणून मी सुटलो.

काल तिने पहिल्यांदा स्वतःच्या मनाने शब्द जुळवले. खूप वेळ लागला.

"अहो, भिकनला आत येऊ द्या."

येत्या रविवारी या. नाशकात द्वारका चौकात उतरा, मी नऊपासून उभा राहीन. टॉवेल-टोपी आणून ठेवली आहे. तुमच्या डोक्यावर मी घालणार.

अजून म्हणवून घेता येत असेल तर,
तुमचा दाजी,
सहादू