एक खोली आवरायला लागणारा वेळ

५ जाने., सोम.
लोणावळा ते घोरावाडी लोकल, पुढे चालत ऑफिस. ऑफिस म्हणजे मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि आम्ही तिघं: केतन सर, दीपाली, मी. पाटीवर मात्र ‘कन्सल्टंट्स’, एकदम भारदस्त. अब्बांना अजून कळलेलं नाही मी नेमकं करते काय. आपल्या गाद्यांच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगतात, “पोरगी लोकांच्या धंद्यात नाक खुपसते, आणि त्याचा पगार मिळतो.” चूक काही नाही त्यात.

नवं काम. तिकोणा पेठेजवळ, पवनेच्या काठावरचं रिसॉर्ट. मालकाला वाटतं, खोल्या आवरणाऱ्या बायका जास्त झाल्यात. किती पुरतील ते आम्ही सांगायचं. म्हणजे मी घड्याळ लावून बघायचं, सरांनी सांगायचं. सर खूश. वर्षभराचा क्लायंट पहिल्यांदाच मिळतोय.

७ जाने., बुध.
रिसॉर्टवर पहिला दिवस. मॅनेजर म्हणाला, “या पुण्याच्या मॅडम, तुमचं काम बघायला आल्यात.” मी लोणावळ्याची, पण असो. बायका सगळ्या पेठेतल्या नि आसपासच्या वाड्यांतल्या. म्होरक्या सुनंदामावशी. पन्नाशी ओलांडलेली, एक गुडघा कामातून गेलेला, तोंड मात्र भलतंच चालू. “नसरीन व्हय? मग नसरीनताई. च्या घ्या आदी.”

फोनवर स्टॉपवॉच. चादरी, टॉवेल, बाथरूम, फरशी. कुणी कुणाशी बोलेना, कुणी बसेना. एका खोलीतून निघाल्या की दुसरीत. यांना मालक जास्त म्हणतो? डोळे तपासून घे म्हणावं.

८ जाने., गुरु.
आजही तेच. चहा उभ्याउभ्या. मावशींनी स्वतः खाली बसून बाथरूम घासलं, उठताना दाराची कड धरली. दुखतंय का विचारलं तर “न्हाई ओ, सवय हाय.” काम संपलं. काम सोपं होतं.

१२ जाने., सोम.
सरांना आकडे दिले. सरांनी दोनदा हिशोब करून बघितला. “अगं, निम्म्या बायकांत भागतंय की! नसरीन, कमाल केलीस.” दीपालीने तक्ता हिरव्या रंगात केला. सर एरवी कौतुक करत नाहीत, त्यामुळे बरं वाटलं.

गाडीत बसल्यावर मात्र ‘निम्म्या’ म्हणजे कोण कोण, ते मोजत बसले.

१३ जाने., मंगळ.
रोज टॉवेल किती लागतात, ते मोजायचं राहिलं होतं. न कळवता गेले.

रिसॉर्ट तेच, पण चित्र वेगळंच. व्हरांड्यात बायका पाय पसरून बसलेल्या, गप्पा, तंबाखू. मावशी खुर्चीत बसून टॉवेलांच्या घड्या घालतायत, त्यांच्या वाटणीची बाथरूमं दोघी तरण्या करतायत. हे रोजचंच असावं. मला बघून पळापळ. “ताई, कळवायचं तरी!”

मग मावशी जवळ आल्या. “त्या दोन दिशी कसं केलं आमी? आवडलं न्हवं? मग परमनंट कदी करत्यात?”

कोण म्हणालं असं, मी विचारलं. कुणीच नाही. “मॅडम घड्याळ घिऊन आल्या म्हंजी पक्कं करायलाच की. न्हाईतर एवढ्या लांब कोन कशाला यील? आमी समद्यांनी ठरवलं, दोन दिस जीव काढायचा.”

मी म्हणाले, “बघू.” सरांचा शब्द. क्लायंटला कधी नाही म्हणायचं नाही, बघू म्हणायचं. माझ्या तोंडून इतका सहज निघाला की स्वतःचीच किळस आली.

१५ जाने., गुरु.
सरांना सगळं सांगितलं. ऐकून घेतात, हा त्यांचा गुण.
“पण काम तर त्या वेळात झालंच ना?”
“दोन दिवस झालं, सर. रोज असं केलं तर मरतील.”
“मग मालकाला काय सांगू? बायका आमच्यासाठी नटल्या, म्हणून आकडे रद्द? तो विचारेल, तुम्ही तिथे काय झोपा काढत होतात?”
दीपाली स्क्रीनमध्ये डोकं घालून बसली. शेवटी तडजोड: शनिवारी पुन्हा माप, एकच दिवस. जे येईल ते सोमवारच्या मीटिंगला जाईल. आणि बायकांना कशासाठी ते सांगायचं नाही. मी हो म्हणाले.

घरी अब्बांना सांगितलं. म्हणाले, सांगून टाक बायांना सरळ. मी म्हटलं, नोकरी जाईल. “कुणाची?” म्हणाले, आणि जेवायला बसले.

१७ जाने., शनि.
स्कूटीवरून गेले. मावशींनी हातावर तिळगूळ ठेवला. मी ठरवून गेलेलं वाक्य म्हटलं, “आज रोजच्यासारखं करा. घाई नको. बसत बसत करा.”

मावशींनी माझ्याकडे निरखून बघितलं, हसल्या, नि मागे वळून ओरडल्या, “पोरींनो, ताई परीक्षा घेत्यात! आज त्या दोन दिसांपरीस जोरात!”

झालं. चादरी उडायला लागल्या. मावशी बाथरूममध्ये खाली बसल्यासुद्धा. मी दारात जाऊन म्हटलं, मावशी, उठा. “लिवा तुमी, लिवा.” घासत राहिल्या. गुडघ्याखाली पायपुसणं घडी करून घेतलेलं. मला रडू आलं आणि संतापही आला, कुणावर ते माहीत नाही.

सांगितलं. सगळ्यांना बोलावून, सगळं. मी कशाला आले, मालकाला काय हवंय, माझ्या आकड्यांतून काय निघालं.

मावशींनी पायपुसण्याची घडी मोडली. मग मावशी, हळूच: “म्हंजी आमी चांगलं केलं, म्हनून आमी जास्त झालो?”

हो म्हणाले.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एक जण कामाला लागली, चादरीचं टोक हातात धरून तशीच थांबली. आता हळू केलं तर मुद्दाम, जोरात केलं तर घात. रोजचं कसं करतात, तेच त्यांना आठवेना.

“तुमीच सांगा ताई,” मावशी म्हणाल्या, “किती वेळ लावू?”