पापूंच्या कबरीचा फोटो

पेणकरपाडा, मीरा रोड
५ मार्च १९९४

चि. चांदणी,

तुला आणि तुझ्या घरच्या सगळ्यांना इथून भरभरून आशीर्वाद. मेलबर्नपर्यंत पोचेस्तोवर थोडे शिळे होतील, चालवून घे. तुझं तिसरं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला त्याला टपालखातं कारण नाही, मी आहे.

इकडे सगळं ठीक. तुझ्या दादाची साखर वाढली आहे, पण ताटात श्रीखंड आलं की डॉक्टर कोण आणि कुठला! रुचिताची दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे. ती अभ्यास कमी आणि देवाला नमस्कार जास्त करते. समोरच्या मिठागरात भराव टाकून दोन बिल्डिंगी उभ्या राहिल्या. तिथे नळ आहेत, नळांना पाणी नाही, म्हणून ती माणसं बादल्या घेऊन आपल्या विहिरीवर येतात. "भाभी, थोडा पानी मिलेगा?" मी भरू देते. पापू असते तर त्यांनी पंप जोडून दिला असता आणि वर आपली ती काळी कडू कॉफी पाजली असती.

बघ, आलंच नाव. रुचिता बोलायला लागली तेव्हा तू तिला शिकवलंस, तुझ्या बाबांच्या ग्रीक भाषेत आजोबांना पापू म्हणतात. पोरीच्या तोंडून ऐकून ऐकून मीही सासऱ्यांना पापूच म्हणायला लागले. सासऱ्याला अशी हाक मारते म्हणून माझी आई माझ्यावर किती चिडली होती! पाड्यात मात्र ते शेवटपर्यंत गोरा मिस्तरी. अजून कुणाचं इंजिन बिघडलं की माणूस आपल्या दारात येतो, आणि मग दारातच त्याच्या लक्षात येतं.

तू फोटो मागितलास. चाळिसाव्या दिवशी तुमच्या चर्चमध्ये उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटलास, ते वाचून बरं वाटलं. दगडावर कोरायच्या ग्रीक अक्षरांचा कागदही मिळाला. तो मी कपाटात साड्यांखाली ठेवला आहे. पहिल्या पत्राला मी उत्तर दिलं की कॅमेरा बिघडलाय. दुसऱ्याला लिहिलं की कबरीवरची माती अजून बसायची आहे. दोन्ही खोटं.

चांदणी, कबर नाही. पापूंना आम्ही अग्नी दिला.

दादाने फोनवर "सगळं नीट झालं" एवढंच सांगितलं आणि तू पुढचं धरून चाललीस. त्याच्यावर रागावू नकोस. त्याला काहीच ठाऊक नाही. ठाऊक होतं ते मला.

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी पापूंनी मला पंपाच्या खोलीत बोलावलं. दादासमोर मरणाचं नाव काढलं की तो उठून बाहेर जातो, म्हणून मला सांगितलं. "मंजुळे, मना मातीत ठेव. आग इंजनात बरी." डोंगरीला बसने जाऊन ते तिथल्या चर्चच्या फादरना स्वतः विचारून आले होते. फादर म्हणाले होते, तुमचा पंथ वेगळा असला तरी जागा देतो.

मग त्यांनी मला त्यांच्या आईचं सांगितलं. त्यांच्या बेटावर पुरलेल्या माणसाची हाडं तीन वर्षांनी बाहेर काढतात, घरच्या बायका ती वाईनने धुतात आणि लाकडी पेटीत ठेवतात. त्यांच्या आईची हाडं त्यांच्या मावशीने धुतली. धुताना ती रडत होती आणि मध्येच बहिणीच्या खोड्या सांगून हसत होती म्हणे. "तुमच्यान तिसऱ्या दिवशी, आमच्यान तिसऱ्या वर्सी. येवराच फरक," असं म्हणून ते पुन्हा स्क्रू घट्ट करायला लागले. मी त्यांना हो म्हटलं होतं, चांदणी. हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

ते गेले त्या सकाळी दादा कारखान्यात पहिल्या पाळीला होता. शेजारचा सदू सायकल घेऊन त्याला आणायला गेला. मी पापूंच्या उशाशी बसून मनात जुळवत होते, दादाला कसं सांगायचं, डोंगरीला निरोप कुणाबरोबर धाडायचा. तेवढ्यात नाथामामा आले. एकटे नव्हते. सगळा पाडा त्यांच्यामागे, बांबू आणि सुंभ घेऊन.

तुला आई गेल्या तो दिवस आठवत असेल. स्वतःच्या सख्ख्या बहिणीला न्यायलासुद्धा नाथामामा आले नाहीत. गोऱ्या खलाशाशी लग्न केलं म्हणून अंबिकेचं नाव त्यांनी टाकलं ते टाकलंच. खांद्याला चौथा माणूस मिळेना, तेव्हा मिठागरावरचा भैया उभा राहिला. तू दारात बसून मला विचारत होतीस, वहिनी, आमचं कुणीच नाही का गं?

त्या नाथामामांनी ओट्याखाली चपला काढल्या आणि ते आत आले. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पापूंच्या पायाशी बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मंजुळे, मना पानी दे."

आपल्या घरचं पाणी! मी माठातलं दिलं. त्यांनी गटागटा प्यायलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "यानं जलमभर माजी इंजनं चालू ठेवली. मी याला माज्या घराची पायरी चरू दिली न्हाय. आज मी खांदा देनार. आपला मानूस हाय, आपल्याच मसनात जाईल."

तेव्हा बोलायचं होतं मला. शब्द अगदी ओठांवर होते. पण तो रिकामा तांब्या माझ्या हातात होता, आणि मला वाटलं, आता डोंगरी म्हटलं तर हा म्हातारा चपला घालून निघून जाईल आणि मागोमाग सगळा पाडा जाईल. पुन्हा आपण एकटे. तेवढ्यात दादा आला. नाथामामांना घरात बघून तो त्यांच्या गळ्यात पडला आणि लहान पोरासारखा रडला. मी आत गेले आणि चूल फुंकत बसले. चुलीवर काही नव्हतं.

गर्दी किती होती म्हणून सांगू! डोंगरीचे फादरसुद्धा कुणाकडून तरी कळून आले. रस्त्याच्या कडेला उभे राहिले, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि काही न विचारता गेले.

आता शेवटचं सांगते. तिसऱ्या दिवशी नाथामामांनी अस्थी सावडून आणल्या आणि मडकं चिंचेला टांगलं. दहाव्याला ते खाडीत सोडायचं होतं. त्याच्या आदल्या दुपारी, अंगणात कुणी नसताना, मी मडकं खाली घेतलं आणि मूठभर हाडं काढून ठेवली. आपल्यात बायका असल्या कामात हात घालत नाहीत. कुणाला कळलं असतं तर काय झालं असतं, देव जाणे.

दहावं झाल्यावर बाजाराला जाते सांगून डोंगरीला गेले. फादरना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, एवढ्याशा हाडांनाही जागा लागते. जागा आहे." त्यांच्या स्वयंपाकिणीने नाताळची उरलेली वाईन बाटलीत घालून दिली. घरी येऊन पंपाच्या खोलीत दार लावून मी ती हाडं धुतली. मला मंत्र येत नाहीत, तुमचे तर नाहीतच. मावशीसारखं हसायला काही आलं नाही. आम्हाला कॉफी आवडायची नाही म्हणून ते रुसून बसायचे, ते आठवून बघितलं, तरी नाही आलं. आता ती हाडं त्यांच्या हत्यारांच्या लाकडी पेटीत, स्वच्छ पंच्यात बांधून ठेवली आहेत.

तू म्हणशील तर डोंगरीला पुरू, तुझा दगड लावू. तू म्हणशील तर तुझ्याकडे पाठवायची सोय बघू. नाहीतर आईंच्या मागे खाडीत सोडू. एकदा तुला न विचारता मी ठरवलं, आता ठरवणार नाही. हे पत्र टपालपेटीत टाकून आले की दादाला सांगणार आहे. त्यानंतर नाथामामांना. मामा पुन्हा आपल्या घरचं पाणी पितील की नाही, माहीत नाही.

मी गप्प बसले ते तुझ्या बाबांना हे गाव मिळावं म्हणून, हे अगदी खरं आहे. पण त्यांनी माझ्याकडे गाव मागितलं नव्हतं गं. माती मागितली होती.

शिव्या घालायच्या असतील तर त्याही लिही. मी वाट बघते आहे.

त्यांनी ज्या एकीला सांगून ठेवलं होतं ती,
मंजुळा