मान वळवली पाहिजे

३ फेब्रुवारी, सोम.
लड्डू आला. बुटका, लांब कुत्रा. सोफ्यावरनं उडी मारली आणि मणका दबला, मागचे दोन्ही पाय गेले. ऑपरेशन होऊन महिना झाला. जे. पी. नगरचे म्हातारे अंकल त्याला टॉवेलात गुंडाळून आणतात. व्यायाम आमच्याकडं, जनावरांच्या क्लिनिकमध्ये.
डॉक्टर मॅडम म्हणाल्या, संगीता, ह्याचं रोज लिहायचं. मराठीत लिही, मी पुण्याचीच आहे, वाचेन. मा.उ. म्हणजे मागचा उजवा, मा.डा. म्हणजे मागचा डावा. वही मोठी आहे. पुढनं कुत्र्यांचं लिहिते, मागनं हे घरचं.
माझी तनू सोळा महिन्यांची झाली. अजून उभी राहत नाही. सरपटते, पण डावा पाय फडक्यासारखा मागनं येतो.

४ फेब., मंगळ
लड्डूच्या बोटाला मॅडमनी चिमटा लावला, जोरात. मा.डा. ओढला. मी ओरडलेच, मॅडम, कळलं की त्याला! त्या म्हणाल्या, नाही गं. पाय आपला आपण ओढला जातो. कळलं असतं तर मान वळवून बघितलं असतं, ओरडला असता. डोक्यापर्यंत पोचलं पाहिजे.
परत लावला. अंकल मधेच म्हणाले, "लड्डू, मगा!" म्हणजे बाळा. वळला. अंकल एवढे खूश. मॅडम म्हणाल्या, हे मोजायचं नाही अंकल, तुमच्या आवाजाला वळला तो.
लिहिलं. मान वळवली नाही.

७ फेब., शुक्र
निपाणीहून आत्तींचा, ह्यांच्या आईचा फोन. आमच्यात सगळी उशिराच चाललीत, तुझा नवरा दीड वर्षाला उभा राहिला. आणि पाठीवर केसांचा झुबका आहे म्हणजे लक्ष्मी आहे पोर.
तनूच्या कमरेच्या वर बारका खड्डा आहे, त्याच्यावर केस. मीपण लक्ष्मीच म्हणत होते. आज लड्डूची पाठ दाबत होते, मणक्यावरच्या टाक्यांवरनं बोट गेलं आणि
पोटात होती तेव्हा बाळाचा मणका नीट व्हावा म्हणून गोळ्या दिलेल्या. उलटी व्हायची म्हणून मोरीत टाकल्या. कुणाला माहीत नाही.

९ फेब., रवि
करायला नको होतं.
काल चिमटा पिशवीत घालून आणला. आज हे मारतहळ्ळीला ड्यूटीवर. दुपारी तनू चमच्यानं ताट वाजवत होती. मी मागनं बसले, आवाज न करता. उजव्या करंगळीला जरासा लावला. लगेच रडली, वळून माझ्याकडं बघितलं. असं बघितलं. उगी केलं, परत चमचा दिला.
मग डावा. हळू लावला, काही नाही. जोरात लावला. पाय ओढला.
ताट वाजवत राहिली.

११ फेब., मंगळ
डावी करंगळी काळीनिळी. मी कामाला जाते तेव्हा खालची मंजुळाक्का सांभाळते तनूला. तिनं मोजा काढला. "एनम्मा हे? कुणी केलं?"
मुंगी चावली म्हटलं.
"मुंगी? पक्कड घेऊन आलेली काय मुंगी? तीन पोरं वाढवलीत मी." आणि जिन्यात बूट घालणाऱ्या ह्यांच्याकडं बघितलं.
हे तर तनूवर आवाजसुद्धा चढवत नाहीत. माझं त्यांच्या अंगावर जाऊ दिलं.

१३ फेब., गुरु
हे म्हणाले, अक्का माझ्याशी बोलायची बंद का झाली? सांगितलं सगळं. चिमटा दाखवला. गोळ्यांचं नाही सांगितलं.
"कुत्र्याचा चिमटा लावलास पोरीला?"
जेवले नाहीत. ताट सरकवताना म्हणाले, "डॉक्टरला दाखवायची भीती वाटते तुला. ह्याची नाही वाटली?"

१४ फेब., शुक्र
तनूला कडेवर घेऊन हेच क्लिनिकमध्ये आले, चिमट्याचंसुद्धा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, दादा, मी जनावरांची, माणसांचं मी सांगायचं नसतं. तरी हात धुऊन आल्या. फ्रॉक वर केला. केस बघितले, खड्डा बघितला. लड्डूची पाठ एवढा वेळ बघितली नव्हती.
लहान मुलांच्या मणक्याच्या डॉक्टरला चिठ्ठी दिली, सोमवारची. "आणि संगीता, घरी काही करायचं नाही. चोळायचंसुद्धा नाही."
चिमटा परत दिला. त्यांनी धुऊन जागेवर ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ फेब., शनि
लड्डूला चाकाची गाडी आली. बांधली तसा पळाला, भिंतीला आपटला, परत पळाला. अंकल हसत हसत रडले. मी आत जाऊन टॉवेलांच्या घड्या घातल्या. घातलेल्या मोडून परत घातल्या.
मा.उ. नाही. मा.डा. नाही. मान वळवली नाही.

१६ फेब., रवि
अक्काला खरं सांगितलं, माझ्या हातनं झालं म्हणून. तिनं तनूला माझ्याकडनं घेतलं आणि दार लावून घेतलं. स्वल्प वेळानं उघडलं. बनशंकरीच्या देवळात लिंबाचे दिवे लावते म्हणाली. माझ्याशी नाही, तनूशी.
हे विचारतात, कसलं लिहालीस एवढं? कुत्र्यांचं, म्हटलं.

१७ फेब., सोम
डॉक्टर तरुण आहेत, हिंदीत बोलतात. आधी करंगळी बघितली. मीच केलं म्हणून सांगितलं. लिहून घेतलं त्यांनी.
तनू ह्यांच्या मांडीवर. उजव्या पायाला टाचणी. किंचाळली, वळून बघितलं. मग डावा पाय हातात घेतला. आवाज करायचा नाही हे मला माहीत होतं. मी ओढणी तोंडावर दाबून धरली. टोचलं. पाय ओढला. आणि मला हुंदका फुटला.
तनूनं मान वळवली. माझ्याकडं.
डॉक्टर म्हणाले, अच्छा है, पता चलता है. फोटो काढायचाच आहे मणक्याचा, पण मग एवढी घाई नाही. नंबर लागेल तेव्हा. महिना, दीड महिना. कळत नसतं तर ह्याच आठवड्यात ॲडमिट केलं असतं, पाठ उघडायला.
हे उठलेच खुर्चीवरनं. "बघितलं बघ तिनं! कळलं तिला!" चार दिवसांनी माझ्याशी नीट बोलले. बसमध्ये तनूच्या त्या पायाचे मुके घेत होते. घरी आल्यावर खाली अक्कालापण सांगितलं, अक्कानं माझ्या हातात चहा दिला.
साहेब, हे मोजू नका, माझ्या आवाजाला वळली ती, एवढंच म्हणायचं होतं डॉक्टरांना. तोंड उघडलं नाही. कागदावर त्यांचा नंबर आहे, सकाळी नऊनंतर फोन करा म्हणालेत.
तनूचं पान घातलं, वहीच्या पुढच्या बाजूला.
उ.पा. मान वळवली.
डा.पा.